एका वाक्यासाठी मास्टर्स

मी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सला नाव घातलं तेव्हा तांड्यातल्या लोकांना वाटलं, बायको गेल्यामुळे राजकुमारचं डोकं फिरलं. बी.एस्सी. करून मी शेतीच करत होतो. कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. पुस्तक सोडून बरीच वर्षं झाली होती. पण कारण सरळ होतं. मला एका माणसाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि तो माणूस माझ्यासारख्याशी बोलत नव्हता.

तो माणूस म्हणजे गोपाल डहाके. यवतमाळच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलचा मॅनेजर. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस येईल, आणि वकिलांचं मराठी वाचायची मला हौस नाही. त्याला भेटायला मी कितीतरी वेळा गेलो. काउंटरवरची मुलगी दरवेळी म्हणायची, सर मीटिंगमध्ये आहेत. शेवटी तिलाच माझी कीव आली. म्हणाली, "काका, सर पब्लिकला भेटत नाहीत. कॉलेजच्या पोरांना भेटतात, इंटर्नशिपच्या." मी काका दिसतो हे मला तिथे कळलं. आणि काय करायचं तेही तिथेच कळलं.

आता झालं काय ते सांगतो.

रंजिताला, माझ्या बायकोला, डेंग्यू झाला. फुलसावंगीला सलाईन लावलं, पुसदला नेलं, तिथून यवतमाळला पाठवलं. आयसीयूत ठेवलं. त्या दिवशी सकाळी मला आत सोडलं तेव्हा तिने विचारलं, कपाशीवर फवारणी झाली का. नाकात नळी असलेल्या माणसाने विचारायची ही गोष्ट नाही, पण ती तशीच होती. मी म्हटलं झाली. झाली नव्हती.

दुपारी तिची आई, रुपीबाई, तिच्या तांड्यातल्या बायांना घेऊन पिकअपने आली. माझी आई आधीपासून गेटबाहेर झाडाखाली बसून होती. आमचा समाज गोर, बाहेरचे लोक बंजारा म्हणतात. आमच्यात बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. मोठ्याने, सुरात, नाव घेऊन, सुखदुःख सांगत. लग्नात रडतात, बाजारात भेटल्या तरी रडतात. रडून झालं की डोळे पुसून कापसाचा भाव विचारतात. हा आमच्या बायांचा रामराम आहे. त्यासाठी कोणी मेलेलं असावं लागत नाही.

रुपीबाई माझ्या आईच्या गळ्यात पडली आणि दोघी रडायला लागल्या. मागून बाकीच्या बाया लागल्या. मी त्यांना आत न्यायला खाली उतरलो होतो, गेटबाहेर उभा होतो.

गोपाल डहाकेने हे आपल्या केबिनमध्ये कॅमेऱ्यावर पाहिलं. त्याचा हिशोब असा झाला: बाया रडल्या म्हणजे पेशंट मेला, पेशंट मेला म्हणजे आता काचा फुटणार. वर आयसीयूत एक फोन करून कोणी गेलं का, एवढं त्याने विचारलं नाही. त्याने गेट बंद करायला लावलं आणि पोलिसांना फोन केला.

मी गार्डला म्हटलं, "अरे माझी बायको आहे आत."

तो म्हणाला, "तेच तं ना भाऊ. म्हनूनच बंद हाय."

पोलीस आले, बायांना रस्त्याच्या पलीकडे बसवलं, माझं आधार कार्ड पाहिलं, मोबाईल काढून घेतला. हे चालू असताना रंजिताने वर आयसीयूत जीव सोडला. आत रक्तस्राव झाला होता, ती वाचली नसती, असं डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवतो. पण ती एकटी गेली. शेवटी तिने नर्सला विचारलं होतं, खाली माझी आई आली का.

आई आली होती. गेटच्या बाहेर पोलिसांना आपलं नाव सांगत होती.

पुढचं त्याहून वाईट. लोकांची जीभ कोणी धरत नाही. रुपीबाई आधी रडली, पोरगी मागून मेली. मग एकीने म्हटलं, जिवंत लेकीवर रडली म्हणून लेक गेली. दुसरीने तेच म्हटलं. रुपीबाईने ते ऐकलं आणि मनात धरलं. तेव्हापासून ती कोणाला भेटेना. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. माझ्या आईलाही तिने जवळ येऊ दिलं नाही. मी गेलो की मला एकच विचारायची, "जमाई, माझ्या रडण्यानं गेली का?"

मी म्हणायचो, नाही याडी. याडी म्हणजे आई. ती म्हणायची, "तू घरचा आहेस, तू नाहीच म्हणशील. गेट लावणाऱ्याला काही दिसलं असेल म्हणून त्यानं लावलं. त्यानं म्हणावं."

म्हणून मला त्याचं वाक्य हवं होतं. 'तुमच्या रडण्याने मुलगी गेली नाही, गेट लावणं ही माझी चूक होती.' एवढंच. मला भरपाई नको होती, कोर्ट नको होतं.

कॉलेज लोहाऱ्याला, एमआयडीसीत. खाली पीव्हीसी पाइपचा कारखाना, वर हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. दोन्हीचे मालक पुंडलिकराव. मशीन सुरू झालं की वर्गातली बाकं थरथरायची आणि जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. त्या वासात आम्हाला हवा खेळती ठेवण्याचे नियम शिकवले. विभागप्रमुख आधी खताच्या कंपनीत विक्री बघत होते. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की पेशंट हा शब्द विसरा, कस्टमर म्हणा. मी विचारलं, "सर, कस्टमर मेला तर काय म्हणायचं?" ते म्हणाले, "निगेटिव्ह आउटकम." आणि फळ्यावर लिहिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

त्या वर्गात तीस-बत्तीस पोरं होती, आणि त्यातल्या एकालाही आजारी माणूस आवडत नव्हता. आजारी माणसाची घाण, त्याचे नातेवाईक, त्यांचे डबे, जिन्यात पसरलेल्या सतरंज्या, हे सगळं नसलेलं हॉस्पिटल त्यांना चालवायचं होतं. एकाने सेमिनारमध्ये तसंच सांगितलं, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. एक लाकडी पलंग आणि त्यावर रबरी बाहुला होता. त्याच्यावर प्रात्यक्षिक व्हायचं. बाहुला तक्रार करत नव्हता, त्याला नातेवाईक नव्हते. विभागप्रमुखांचा तो आदर्श कस्टमर होता.

बोलण्यासारखी एकच होती, दिपाली. मारेगावकडची, तिच्या घरचीही कापसाचीच शेती. आधी एका लॅबमध्ये काम करायची.

"राजकुमारभाऊ," एकदा ती म्हणाली, "तुमी वर्गात असे बसता जसं काही सगळ्याईची तपासनी करायले आले."

"तपासणीच आहे."

"मंग? पास हाय काय कोनी?"

"बाहुला."

ती इतकी हसली की विभागप्रमुखांनी तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या वर्षी गोपाल डहाके पाहुणा म्हणून व्याख्यान द्यायला आला. मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. चाळिशीचा, पोट सुटलेला, कोट घातलेला. उन्हाळ्यात. आल्याआल्या म्हणाला, "गुड आफ्टरनून, फ्यूचर लीडर्स. मी पण शेतकऱ्याचाच मुलगा आहे." हे वाक्य तो दर ठिकाणी म्हणत असावा. त्यानंतर शेतकरी कुठे आला नाही.

विषय होता जमाव हाताळणे. त्याने पडद्यावर एक फोटो लावला. वरून काढलेला, कॅमेऱ्यातला. गेट, झाड, बाया. एका बाईभोवती लाल गोल काढला होता.

ती रुपीबाई होती.

"ही बघा, ही लीडर," तो म्हणाला. "हिने सुरुवात केली. बाकीच्या मागून जॉइन झाल्या. तांड्याहून गाडी भरून आल्या होत्या, म्हणजे प्री-प्लॅन्ड. आता सांगा, तुम्ही माझ्या जागी आहात. काय कराल?"

"गेट बंद, सर."

"गुड. आणखी?"

"बाउन्सर बोलवायचे."

"पेशंटची फाइल सेफ ठेवायची, सर."

"एक्सलंट!"

दिपालीने हात वर केला. "सर, त्या रडून राह्यल्या होत्या तवा वर मेलं कोन होतं?"

"म्हणजे?"

"म्हनजे कोनी मेलं होतं का?"

"एक डेथ झाली ना त्या दिवशी."

"आधी का नंतर?"

"मॅडम, क्रायसिसमध्ये मॅनेजर असे प्रश्न विचारत बसत नाही. तो अ‍ॅक्शन घेतो. त्या दिवशी एक काच फुटली नाही. एकही नाही. मॅनेजमेंटने मला अवॉर्ड दिलं."

त्याला अवॉर्ड मिळालं होतं हे मला माहीत नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, लाल गोलातली बाई माझी सासू आहे. नंतर मेली ती माझी बायको. बाया भांडायला आल्या नव्हत्या. त्या एकमेकींना भेटत होत्या. आमच्यात भेटताना रडतात. तुम्ही वर फोन केला असता तर तिची आई तिच्याजवळ पोचली असती."

गोपाल डहाकेने पाण्याची बाटली उघडली, प्यायला, झाकण लावलं. मग म्हणाला, "थँक यू फॉर शेअरिंग."

विभागप्रमुख म्हणाले, "टाळ्या वाजवा."

आणि त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खोटं सांगत नाही. माझी बायको कशी मेली यावर एका वर्गाने टाळ्या वाजवल्या. दिपाली तेवढी बेंचकडे बघत बसली.

नंतर केबिनमध्ये चहा झाला. मला वाटलं होतं, तो मला टाळेल. त्याने उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राजकुमार, तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवाच होता. कम्युनिटीतला. तांड्यांकडचे पेशंट हल्ली आमच्याकडे येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"परसेप्शन प्रॉब्लेम आहे."

मी म्हटलं नाही की तो प्रॉब्लेम मीच गावोगाव सांगत फिरलो होतो.

त्याने मला इंटर्नशिप देऊ केली. मी तांड्यावर मोफत तपासणीचं शिबिर भरवायचं, लोक जमवायचे. हॉस्पिटल सरकारी योजनेत होतं, त्याला पेशंट हवे होते. मी म्हटलं, भरवतो, पण शिबिर रुपीबाईच्या तांड्यावर होईल, आणि तुम्ही स्वतः येऊन तिला एक वाक्य सांगाल. वाक्य मी त्याला सांगितलं.

"शुअर," तो म्हणाला. "याला आम्ही सर्व्हिस रिकव्हरी म्हणतो."

"मी माफी म्हणतो."

"तेच ते."

"तेच नाही, सर."

"बघा राजकुमार," तो हसत म्हणाला, "शब्दांवर कायले भांडता?" तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडातून घरचा शब्द निसटला. लगेच त्याने घसा साफ केला.

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी त्याच गेटवरच्या त्याच गार्डने मला सलाम केला, कारण माझ्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा होता. मी कोण ते त्याला आठवलं नाही. माझं काम मदत-खिडकीत बसून खेड्यातून आलेल्या लोकांना सांगायचं की पेशंटजवळ एकच माणूस थांबेल. मी त्यांना सांगायचो, मागच्या जिन्याने जा, तिथला कॅमेरा बंद आहे. हॉस्पिटलने दर शुक्रवारी कर्मचारी किती हसतात याची तपासणी ठेवली होती. मला कायम शून्य. गोपाल डहाकेला कायम सगळ्यात जास्त. एकदा मी त्याच्या केबिनबाहेर उभा होतो, तो फोनवर आईशी बोलत होता. "जेवली काय वं माय? डोयाचे थेंब टाकले का? मंग काहून नाई टाकले?" चांगलं, सरळ बोलत होता. म्हणजे त्याला बोलता येत होतं. आमच्याशी बोलताना तो ते काढून ठेवायचा, एवढंच.

शिबिर सेवालाल महाराजांच्या देवळासमोर झालं. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, शंकरसिंग यांनी मांडव घातला, सतरंज्या टाकल्या. माझ्यासोबत दिपालीही आली होती, तिलाही तिथेच इंटर्नशिप मिळाली होती. गोपाल डहाके गाडीतून उतरला आणि आधी ड्रायव्हरला म्हणाला, गाडी वळवून रस्त्याकडे तोंड करून लाव. मग मांडवात आला. कोट होताच.

दोन शिकाऊ डॉक्टर सगळ्यांचा रक्तदाब मोजत होते. ज्याचा वाढलेला त्याला म्हणत, यवतमाळला या. ज्याचा नव्हता त्यालाही म्हणत, एकदा येऊन जा. बाबूसिंग म्हणून एक म्हातारा आहे, तो म्हणाला, "मले काईच नाई म्हनता, मंग तिथं कायले येऊ? तुमचं गेट पाहाले?" लोक हसले. गोपाल डहाकेही हसला. त्याला कळलं नाही, किंवा कळलं असेल.

त्याने भाषण केलं, आरोग्य हीच संपत्ती वगैरे. दिपालीला मोबाईलवर त्याचं चित्रण करायला सांगितलं होतं, हॉस्पिटलच्या पानावर टाकायला. भाषण संपलं आणि मी रुपीबाईला बोलवायला तिच्या घरी गेलो.

"आला?" तिने आतून विचारलं.

"आला."

"म्हणेल?"

"म्हणतो म्हणालाय."

ती बाहेर आली. किती दिवसांनी ती अशी चार लोकांत आली होती. बाया बाजूला सरल्या, कोणी तिच्याजवळ गेलं नाही, कारण तिला ते नको असायचं. ती त्याच्यासमोर सतरंजीवर बसली. तो खुर्चीवर. नायक म्हणाले, "बोला साहेब. तुमाले रुपीबाईले काई सांगायचं हाय म्हनते जमाई."

गोपाल डहाकेने आजूबाजूला पाहिलं. बाया सगळीकडून जमल्या होत्या. पुरुष मागे उभे होते. लोक गुपचूप ऐकायला थांबले होते, पण त्याला माणसं शांत उभी असली तरी तो जमावच दिसत असणार.

"सी, रुपीबाई," तो म्हणाला, "त्या दिवशी जे घडलं ते अनफॉर्च्युनेट होतं. क्लिनिकली यात मल्टिपल फॅक्टर्स असतात. अमुक कॉजमुळे तमुक इफेक्ट झाला, असं आपण एस्टॅब्लिश करू शकत नाही. आमच्या साइडने प्रोटोकॉल फॉलो झाला. तरीपण कम्युनिटीच्या काही सेंटिमेंट्स हर्ट झाल्या असतील तर वी रिग्रेट. थँक यू." आणि हात जोडून दिपालीच्या मोबाईलकडे पाहिलं.

मी इतकी वर्षं लोकांचा राग केला आहे. व्यापाऱ्याचा, तलाठ्याचा, बियाणं विकणाऱ्याचा. त्या क्षणी मला राग आला नाही. किळस आली. समोर एक म्हातारी बसली आहे, ती रात्रंदिवस स्वतःला खुनी समजते, आणि या माणसाला तिला सोडवायला एक वाक्य पुरतं. त्याच्या आईच्या भाषेतलं एक वाक्य. तेसुद्धा त्याच्याने निघालं नाही. असल्या माणसाला घडवायला आपल्याकडे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

रुपीबाई बाजारापुरती मराठी बोलते, तिला मराठी कळते. यातलं काहीच कळलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"काई केरोच?" तिने विचारलं. काय म्हणतोय.

मी गोरबोलीत सांगितलं. "तो म्हणतो, गेट लावणं ही माझी चूक होती. वर कोणी गेलं का, हे मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तुमची मुलगी तापाने गेली. तुमच्या रडण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही."

"एवढं लांब बोलला आणि एवढंच?"

"इंग्रजीत लांब होतं."

मागे एकदोघी हसल्या. रुपीबाई हसली नाही. तिने गोपाल डहाकेकडे नीट पाहिलं. तो मान हलवत होता, हसत होता, त्याला वाटलं काम झालं. मग ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलली.

"भाऊ, बरं झालं तुमी सांगतलं. गेट लावलं ते तुमची चूक होती, अन् माह्या रडन्यानं माही पोरगी नाई गेली. जमाई म्हनते तुमी असं म्हटलं. व्हय ना? असंच म्हटलं ना तुमी?"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडे आले. मी काही केलं नाही. नुसता उभा राहिलो.

त्याला नाही म्हणता आलं असतं. गैरसमज झाला, मी तसं म्हटलं नाही, एवढं म्हणायचं होतं. कोणीही त्याला हात लावला नसता. आमच्या तांड्यात पाहुण्याला हात लावत नाहीत, शिव्याही जेवल्यानंतर देतात. पण त्याला ते माहीत नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं कधी. त्याने बायांकडे पाहिलं, मागच्या पुरुषांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

नायक म्हणाले, "मोठ्यानं बोला साहेब. मागच्या बायाईले आयकू नाई आलं."

"हो. माझी चूक होती."

"अन् रडन्याचं?" रुपीबाई म्हणाली.

"रडण्यानं..." त्याला शब्द सापडेना. मग सापडला. "रडन्यानं कोनी मरत नसते, माय."

हे तो बरोबर बोलला. आईशी बोलतो तसं.

मग तो उठला. जेवण तयार होतं, नायकांनी आग्रह केला, पण तो थांबला नाही. मी गाडीपर्यंत गेलो. दिपाली मागून आली.

"मी असं म्हटलं नव्हतं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही माझ्या नावावर काहीही सांगितलं. इट्स चीटिंग."

"शेवटी तुम्हीच म्हटलं."

"प्रेशरखाली! दिपाली, तो व्हिडिओ डिलीट करा."

"व्हिडिओ नाईच आहे सर," दिपाली म्हणाली. "तुमचं भाषन लय लांबलं. बॅटरी गेली."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. मी म्हटलं, "म्हणजे पुरावा काही नाही. मग परत चला. ती तिथेच बसली आहे. सांगा तिला की तुझा जावई खोटं बोलला, मी भीतीने हो म्हटलं."

तो मांडवाकडे बघत राहिला. तिथे आता बाया पत्रावळी मांडत होत्या.

"तुमचं सर्टिफिकेट होणार नाही," तो म्हणाला.

"नका करू."

"डिग्री अडकेल. दोन वर्षं वाया जातील तुमची."

"सर, मी त्या डिग्रीसाठी आलो नव्हतो. तुमच्यासाठी आलो होतो."

तो गाडीत बसला आणि काच वर केली. दिपाली म्हणाली, "भाऊ, भेऊन म्हटलं त्यानं. मनातून नाई."

"त्याच्या मनाशी मला काय करायचं आहे?" मी म्हटलं. खरंच काही करायचं नव्हतं. तिथे काही असेल असं मला वाटत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा रुपीबाई अजून सतरंजीवर होती. मी तिच्याजवळ बसलो. ती हळू आवाजात म्हणाली, "आधी तू म्हटलं. मग त्यानं म्हटलं."

म्हातारीला सगळं कळलं होतं.

"हो, याडी."

"पण म्हटलं."

"म्हटलं."

ती म्हणाली, "ऊठ, लोक जेवायचे थांबले आहेत," आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.